मनोरा शेवटी, गिरणी आधी: फाउंटन्स अ‍ॅबीच्या सहली काढणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ब्रिटनच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्या, त्यांचे टूर मॅनेजर आणि सुट्टीच्या दिवशी बस ठरवून यॉर्कशरला जाणारी ब्रिटनमधली महाराष्ट्र मंडळं यांस,

सप्रेम नमस्कार.

लंडनहून एडिंबरोकडे जाताना यॉर्कचा मुक्काम, आणि त्याला जोडून ‘जाता जाता’ फाउंटन्स अ‍ॅबी, म्हणजे एका जुन्या ख्रिस्ती मठाचे भग्न अवशेष, असा टप्पा आता बऱ्याच सहलींत दिसतो. तो ठेवलात हे उत्तमच. पण त्याला वेळ मिळतो बहुधा तासाभराचा. त्यातली दहा मिनिटं व्हिजिटर सेंटरपासून उतार उतरण्यात जातात, पंधरा तोच चढ चढण्यात, काही स्वच्छतागृहापुढच्या रांगेत. उरलेल्या वेळात उंच मनोऱ्यापुढे सगळ्यांचा एकत्र फोटो. मग मंडळी बसमध्ये बसतात ती ‘जागा छान आहे हो, पण सगळं पडकंच’ असं म्हणत.

आमचं मागणं दोन ओळींचं आहे. या जागेला चार तास द्या. आणि बघण्याचा क्रम उलटा करा: सुरुवात गिरणीपासून, मनोरा शेवटी.

क्रम उलटा का, ते आधी सांगतो. ज्या मनोऱ्याचा फोटो घरोघरी जातो, तो या मठातला सगळ्यांत कमी ‘सिस्टर्शियन’ भाग आहे. सिस्टर्शियन हा मठात राहणाऱ्या ख्रिस्ती साधूंचा पंथ. त्याने ११५७ साली आपल्या चर्चवर घंटांसाठी दगडी मनोरे बांधायला चक्क बंदी घातली होती. साधेपणा हाच पंथाचा बाणा. फाउंटन्सचा मनोरा उभा राहिला त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, मार्मड्यूक ह्यूबी या मठाधिपतीच्या कारकिर्दीत (१४९५ ते १५२६). तोवर नियम ढिले पडले होते आणि हातात पैसा होता. उंची सुमारे ५० मीटर. मनोरा देखणा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्यापुढे उभं राहून ‘हे साधू किती साधे राहत’ असं सांगणाऱ्या वाटाड्याची आम्हाला काळजी वाटते. उलट, ज्या गिरणीकडे कोणी वळूनही बघत नाही ती बाराव्या शतकातली आहे. शाबूत छपरासह उभी असलेली सिस्टर्शियन पिठाची गिरणी ब्रिटनमध्ये दुसरी नाही, आणि १९२७ पर्यंत तिच्यात दळण चालू होतं. हे लोक कसे जगत, काय खात, पाणी कसं फिरवत, याचं उत्तर तिथे मिळतं.

टूर मॅनेजरच्या हातातल्या माहितीबद्दल थोडं. ‘तेराशे साली बांधलेलं कॅथेड्रल, आठव्या हेन्रीने तोफा लावून पाडलं, इथे पूर्वी कारंजी होती, खाली गुप्त भुयारं आहेत’ ही चार वाक्यं निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येतात. चारही चूक. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपची गादी असते ते चर्च. हे मठाचं चर्च आहे. कारंजी कधीच नव्हती. दरीच्या उतारावर झरे होते, लॅटिनमध्ये मठाचं नाव ‘झऱ्यांची सेंट मेरी’ अशा अर्थाचं, त्यावरून फाउंटन्स. भुयारांचं आणि तोफांचं पुढे येईलच.

स्थापनेची तारीख नक्की आहे: २७ डिसेंबर ११३२. यॉर्कच्या सेंट मेरी मठातली शिस्त सैल झाली म्हणून काही संन्याशांनी सुधारणेचा आग्रह धरला, प्रकरण हमरीतुमरीवर गेलं, आणि आर्चबिशप थर्स्टन मध्ये पडून तेरा जणांना बाहेर घेऊन आला. त्याने त्यांना स्केल नदीच्या अरुंद दरीत जागा दिली. तेव्हा तिथे झाडोऱ्याखेरीज काही नव्हतं. ऐन हिवाळ्यात त्यांनी एका मोठ्या एल्म झाडाखाली आसरा घेतला, ही कथा तुम्ही जरूर सांगा. पण ती कुठून आली तेही सांगा. शंभरीला टेकलेल्या सर्लो नावाच्या मठवाशाने आठवून सांगितली आणि कर्कस्टॉलच्या ह्यू याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून घेतली. म्हणजे घटनेनंतर सत्तरएक वर्षांनी. आपल्याकडच्या बखरी वाचताना जेवढं मीठ हाताशी ठेवतो तेवढं इथेही ठेवावं.

या तेरा जणांनी फ्रान्समधल्या क्लेअरवोच्या बर्नार्डला पत्र लिहिलं, त्याने एक अनुभवी साधू शिकवायला पाठवला आणि मठ सिस्टर्शियन झाला. हा पंथ बर्गंडीतल्या सीतो इथे १०९८ साली निघाला. न रंगवलेल्या लोकरीचा अंगरखा, म्हणून ‘पांढरे साधू’. वस्तीपासून दूर राहायचं, भाडं-खंडावर न जगता स्वतःच्या कष्टावर जगायचं. पण दिवसरात्र मिळून आठ वेळा प्रार्थना करणाऱ्या माणसाने नांगर कधी धरायचा? त्यावर तोड म्हणजे ‘ले ब्रदर’: व्रत घेतलेले, दाढी राखणारे, बहुतेक निरक्षर कष्टकरी बंधू. शेती, मेंढ्या, गवंडीकाम, कातडी कमावणं हे सगळं त्यांचं. त्यांना प्रार्थना कमी, काम जास्त. राहायला, जेवायला, झोपायला वेगळी इमारत. एका मठात दोन बिऱ्हाडं, हे एकदा गटाच्या डोक्यात भरलं की समोरचा नकाशा आपोआप उलगडतो.

आता वाट. बस व्हिजिटर सेंटरला लावा, उतरा, आणि मठ समोर दिसला तरी आधी गिरणीत चला. नदीचं पाणी वरच्या अंगाला अडवून पाटाने आणलंय. पाट उंचावरून येतो म्हणून चाकाला जोर मिळतो. गटाला पाटाच्या काठाने थोडं उलट चालवा. पाण्याची पातळी नदीपात्रापेक्षा किती वर आहे हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे, ते सांगून कळत नाही. १५३९ मध्ये मठ बंद झाला तरी गिरणी का टिकली? दळण कोणाला नको असतं! पुढे याच पाण्यावर वीजही तयार झाली. हे सूत्र गटाला इथेच देऊन ठेवा: कामाचं होतं ते टिकलं, प्रार्थनेचं होतं त्याचं छप्पर गेलं.

गिरणीनंतर नदीकाठची पाहुण्यांची दोन घरं, जुना पूल, आणि मग सेलेरियम. इथे बहुतेक सगळे ‘वॉव’ म्हणून थांबतात, आणि बहुतेक सगळ्यांना ते चर्च वाटतं. ते कोठार आहे. सुमारे ९० मीटर लांब, मधोमध खांबांची एकच रांग, तिच्या दोन्ही बाजूंना जोडीने चालणारे २२ खण. खांबाला वर शीर्षच नाही. जमिनीपासून निघालेल्या दगडी फासळ्या ताडाच्या झावळ्यांसारख्या थेट छतात पसरतात. लांबच लांब मोकळी ओळ दिसते ती मात्र आजची गंमत आहे. मुळात इथे आडव्या भिंती होत्या: एका भागात धान्य आणि माल साठवायचा, एका भागात बाहेरच्यांशी बोलण्याची खोली, दक्षिण टोकाला ले ब्रदरांचं जेवणघर. वरच्या मजल्यावर त्यांची झोपायची जागा. भिंतींच्या खुणा खांबांवर आणि फरशीत शोधायला लावा. मुलांना हा खेळ फार आवडतो. या छतात वटवाघळांच्या अनेक जातींचा मुक्काम असतो. फ्लॅश नको, टाळ्या वाजवून घुमारा ऐकणं नको. ‘प्रतिध्वनी किती छान येतो बघा’ म्हणून गटाकडून गणपतीची आरती म्हणून घेण्याचा मोह टाळावा.

तिथून चर्चच्या पश्चिम दारात या. आत शिरण्याआधी मान वर करा. मोठ्या खिडकीच्या वर एक कोनाडा आहे, आणि त्याच्या आधाराच्या दगडावर एक गरुड पिंपावर बसलेला कोरलाय, सोबत ‘डर्न १४९४’ अशी पट्टी. पिंपाला जुन्या इंग्रजीत ‘टन’. डर्न अधिक टन, म्हणजे डार्नटन: ही खिडकी बसवणारा मठाधिपती जॉन डार्नटन. आणि गरुड हे संत जॉनचं चिन्ह, म्हणजे पाळण्यातलं नावही आलं. सही करण्याची ही तऱ्हा दाखवायला दुर्बीण लागते किंवा फोनचा झूम. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण लोक पुढची सगळी इमारत निरखून बघायला लागतात.

आतला लांब भाग म्हणजे नेव्ह, ११ खणांचा, ११५० च्या दशकातला. आधीचं चर्च जळालं होतं. मठ निघून १५ वर्षंही झाली नव्हती तोच यॉर्कच्या आर्चबिशपपदाच्या भांडणात विरोधी गटाची माणसं मठाधिपती हेन्री मर्डाकला शोधत आली आणि त्यांनी मठाला आग लावली. १९७९-८० मध्ये चर्चच्या क्रूसासारख्या आराखड्याच्या दक्षिण भुजेत उत्खनन झालं, तेव्हा दगडी बांधकामाच्या खाली पहिल्या लाकडी इमारतीच्या खांबांचे खड्डे सापडले. म्हणजे सर्लोच्या झाडाची गोष्ट दंतकथा असो वा नसो, लाकडी सुरुवात पुराव्याने सिद्ध आहे.

नेव्हमध्ये तीन गोष्टी दाखवा आणि पुढे चला. खालच्या कमानी टोकदार आहेत, वरच्या खिडक्या गोल माथ्याच्या. दोन काळ एकाच भिंतीत. बाजूच्या पट्ट्यांत प्रत्येक खणाला स्वतःचं आडवं कमानी छत होतं, ही बर्गंडीची तऱ्हा. फ्रान्सचे आराखडे घेऊन इंग्रजी गवंड्यांनी बांधलंय. तिसरं, ही भिंत आतून उघड्या दगडाची नव्हती. चुन्याचा पांढरा हात, आणि त्यावर दगडांच्या सांध्यांच्या खोट्या रेषा रंगवलेल्या! खऱ्या दगडावर चुना फासून त्यावर पुन्हा दगड रंगवायचे, हे ऐकून लोक हसतात. हसू द्या. आज जी दगडी गूढता आपल्याला भावते, ती छप्पर आणि चुना उडाल्याने आलेली आहे, हे त्या हसण्यातून लक्षात राहतं. शिवाय मधली मोकळी जागा तेव्हा मोकळी नव्हती. आडवे पडदे होते. पश्चिमेकडे ले ब्रदर, पूर्वेकडे संन्यासी, एकमेकांना दिसतही नसत.

पूर्व टोकाला ‘नऊ वेद्यांचं दालन’. तेराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बांधलेलं, मठाधिपती जॉन ऑफ केंटच्या काळात (१२२० ते १२४७) पुरं झालेलं. पुढे डरहॅमच्या कॅथेड्रलने हीच कल्पना उचलली. इतक्या वेद्या का लागल्या? मठवाशांपैकी पुष्कळ जण आता दीक्षित धर्मगुरू होते आणि प्रत्येकाला मिस्सा हा प्रार्थनाविधी करायला वेदी हवी. इथले बारीक, उंच, काळसर खांब निडरडेलच्या ‘संगमरवरा’चे होते, खरं तर तो जीवाश्मांनी भरलेला चुनखडक, घासून चमकवलेला. बाकी बांधकामाचा वालुकाश्म दरीच्या कड्यातूनच काढलाय. उत्तरेचा कापलेला कडा म्हणजे खाण. दगड वाहून आणायची गरजच पडली नाही.

या दालनाला तडेही गेले. नदीकाठची मऊ जमीन, त्यावर उंच पातळ भिंती. डार्नटनने पंधराव्या शतकाच्या अखेरीस भेगा बुजवल्या, आधार दिले. आणि आता मनोऱ्याचं कोडं सुटतं: तो चर्चच्या मधोमध, चौफुल्यावर का नाही? तिथे उभारायची खटपट झाली होती. खांबांना आणि जमिनीला ते ओझं पेलेना. म्हणून ह्यूबीने तो उत्तरेच्या भुजेच्या टोकाला, स्वतंत्र पायावर नेला. बघणाऱ्याला मनोरा एका कडेला ‘राहून गेल्यासारखा’ वाटतो तो यामुळे. आता काढा फोटो.

दक्षिणेला क्लॉइस्टर, म्हणजे चौक. आपल्या वाड्याच्या चौकाची आठवण येतेच: चारी बाजूंनी छताखालचा ओटा, मध्ये उघडं, आणि प्रत्येक बाजूला ठरलेल्या कामाच्या खोल्या. सिस्टर्शियन मठांचा आराखडा जवळजवळ सगळीकडे सारखा असतो, म्हणून इथे एकदा समजावून घेतलं की रीव्हो, टिंटर्न, कर्कस्टॉल कुठेही वाट चुकत नाही. पूर्वेला सभागृह: तीन गोल कमानींचं तोंड, रोज संत बेनेडिक्टच्या नियमांतला एक अध्याय इथे वाचला जाई, अपराध कबूल केले जात. जमिनीखाली १९ मठाधिपती पुरलेले आहेत. शिळांवर पाय देऊन सेल्फी काढू नका, एवढं तरी दारातच सांगा. वरच्या मजल्यावर संन्याशांची झोपण्याची जागा, आणि तिथून थेट चर्चमध्ये उतरणारा रात्रीचा जिना. मध्यरात्रीनंतरच्या प्रार्थनेला अंगणात पाय न ठेवता पोहोचता यावं म्हणून.

दक्षिण बाजूची ऊबघर नावाची खोली सगळ्यांनी आतून बघावी. स्वयंपाकघर आणि आजाऱ्यांच्या खोल्या सोडल्या तर शेकोटी फक्त इथे. चुलाण्याचं तोंड इतकं रुंद की एका दगडाची तुळई पुरली नसती. म्हणून गवंड्याने सपाट कमान केली: प्रत्येक दगडाच्या कडेला खाच आणि दात, शेजारच्याच्या खाचेत याचा दात. दगड घसरायचा म्हटलं तरी घसरू शकत नाही. आठशे वर्षं ती आडवी ओळ वरचं ओझं पेलते आहे. दोन चुलाण्यांपैकी एक बुजवलेलं आहे. वर कागदपत्रांची खोली होती, आणि त्यामागचं व्यवहारज्ञान उघड आहे: खाली ऊब, वर कोरडी हवा, जमिनीच्या सनदांना बुरशी नाही.

शेजारी जेवणघर. ते चौकाला समांतर नसून दक्षिणेकडे लांब गेलंय, हाही सिस्टर्शियन शिक्का. त्यामुळे एका अंगाला ऊबघर आणि दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर चौकालाच लागून बसवता आलं. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत हात धुण्याच्या हौदांच्या कमानी. आत पश्चिम भिंतीच्या जाडीत जिना आणि वाचकाची जागा: जेवताना कोणी बोलायचं नाही, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मीठ हवं तर हाताची खूण.

आता भुयारं. मठाच्या खाली बोगदे आहेत हे खरं, पण गुप्त बिप्त काही नाही. दरी अरुंद, जागा कमी, म्हणून त्यांनी नदीच बांधून काढली. पूर्वेकडचं संन्याशांचं रुग्णालय चार दगडी बोगद्यांच्या पाठीवर उभं होतं, खालून स्केल वाहते. ले ब्रदरांचं रुग्णालयही नदीवरच, शौचालयांखालीही वाहतं पाणी. प्यायचं पाणी मात्र झऱ्यांचं, शिशाच्या नळांतून. वरून स्वच्छ पाणी येतं, मग स्वयंपाकघर आणि धुणं, मग शौचालय, मग नदी. जिथे हा क्रम चुकत नाही तिथे शंभर माणसं एकत्र राहू शकतात. अडचण एकच, पूर. अरुंद केलेल्या पात्रात पावसाचा लोंढा मावत नाही, गाळ बसतो. आजही खालच्या बागेतली तळी गाळाने भरतात, आणि त्यावर उपाय म्हणून वरच्या खोऱ्यात झाडं लावणं, पाणी मुरवणं अशी कामं चालू आहेत.

हे सगळं उभं राहिलं लोकरीवर, आणि लोकर मठात बसून कळत नाही. चौदाव्या शतकात पेगोलोत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने इंग्रजी मठांची यादी केली, तीत फाउंटन्सची वर्षाची लोकर ७६ पोती, सगळ्यांत जास्त. एक पोतं ३६४ पौंडांचं, म्हणजे साधारण १६५ किलो. एकूण साडेबारा टन. एका पोत्याला अडीचशेच्या आसपास मेंढ्या धरा आणि बसमध्येच गुणाकार करू द्या. शेजाऱ्यांची लोकरही मठ गोळा करून आपल्या मालाबरोबर विकत असे, त्यामुळे सगळी मेंढरं मठाचीच होती असं नाही. मेंढ्या चरत त्या पश्चिमेला डेल्स या दऱ्याखोऱ्यांच्या भागात. किलन्झी हे कातरणीचं मोठं ठाणं, तिथून मॅलमकडे जाणारी मॅस्टाइल्स लेन ही त्यांची कळप हाकायची वाट. आजही चालता येते. ट्रेकवाल्या मंडळांनी एक दिवस तिला द्यावा.

आणि हा धंदा कोसळलाही. इटालियन व्यापारी पुढच्या कित्येक वर्षांची लोकर आगाऊ विकत घेत, उचल रोख मिळे, मठ बांधकामं काढी. १२७० च्या दशकात मेंढ्यांना खरजेची साथ आली, माल देता येईना, उचल फिटेना. राजाला मठाचा कारभार बघायला आपला माणूस नेमावा लागला. मग बॅनकबर्नच्या लढाईनंतरच्या स्कॉटिश धाडी, मग १३४८-४९ ची प्लेग. ले ब्रदर मिळेनासे झाले, जमिनी कुळांना लावून दिल्या. कष्टावर जगू म्हणणारे साधू खंडावर जगू लागले. मराठी माणसाला हे गणित कोणी समजावून सांगायची गरज नाही.

शेवटाबद्दल तोफांची कथा तेवढी बंद करा. आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली, ती इथे कागदावर. २६ नोव्हेंबर १५३९ रोजी मठाधिपती मार्मड्यूक ब्रॅडली आणि ३१ संन्यासी यांनी कागदावर सह्या करून मठ राजाच्या स्वाधीन केला. ब्रॅडलीला वर्षाला १०० पौंड पेन्शन, बाकीच्यांना त्याहून कमी. त्याच्या आधीचा मठाधिपती विल्यम थर्स्क मात्र १५३७ मध्ये उत्तरेतल्या उठावात गोवला जाऊन लंडनमध्ये टायबर्नला फाशी गेला होता. १५३५ च्या मोजणीत मठाचं निव्वळ उत्पन्न १,११५ पौंड निघालं, इंग्लंडच्या सिस्टर्शियन मठांत पहिला नंबर. १५४० मध्ये लंडनचा व्यापारी सर रिचर्ड ग्रेशम याने जागा विकत घेतली.

इमारत पाडली ती शिशाने. छपरांवर शिशाचे पत्रे होते आणि शिशाला भाव होता. अशा मठांत पत्रे काढून जागेवरच वितळवत, जळणाला छपराचं आणि आसनांचं लाकूड. एकदा पत्रा गेला की वासे कुजतात आणि भिंतीच्या माथ्यातून पाणी आत शिरतं. भिंत बाहेरून घडीव दगडाची असली तरी ती दोन पातळ कातडी; मध्ये चुन्यात कालवलेली खडी. पाणी त्या गाभ्यात उतरतं, थंडीत गोठून फुगतं, कातडं सुटतं. जिथे घडीव दगड लोकांनी घरासाठी नेलेत तिथे हा गाभा उघडा दिसतो. हात न लावता जवळून दाखवा. सिमेंटने दर्जा भरल्या तर पाणी आतच कोंडतं आणि दगड फुटतो, म्हणून दुरुस्तीला चुनाच लागतो. गडकोटांवर फिरणारे तुमचे प्रवासी यावर हमखास बोलू लागतील. बोलू द्या. पश्चिमेला फाउंटन्स हॉल हा वाडा आहे, स्टीफन प्रॉक्टरने सतराव्या शतकाच्या तोंडावर बांधलेला. त्याच्या भिंतीत मठाचाच दगड आहे.

वाचलं ते एका हौसेमुळे. शेजारच्या स्टडली रॉयलला जॉन एस्लेबीने पाण्याची बाग केली. हा इंग्लंडचा अर्थमंत्री, १७२० च्या साउथ सी कंपनीच्या शेअर घोटाळ्यानंतर संसदेतून हाकललेला. त्याच्या मुलाने १७६० च्या दशकात भग्न मठ विकत घेऊन बागेच्या टोकाचं ‘दृश्य’ बनवला. १९८३ पासून जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे, १९८६ पासून जागतिक वारसा यादीत. बागेबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ती चालताना आपोआप आवडते.

पण बाग ओलांडून हरणांच्या कुरणातल्या सेंट मेरीज चर्चपर्यंत गट न्याच, कारण तिथे आपला एक माणूस आहे. आपला म्हणजे, ज्याचं नाव शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय: लॉर्ड रिपन, १८८० ते १८८४ चा व्हाइसरॉय. १८५९ साली ही सगळी जहागीर, मठाच्या अवशेषांसकट, त्याच्याकडे वारशाने आली. १८७४ मध्ये त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि इंग्लंडभर गहजब झाला. जप्त झालेल्या कॅथलिक मठाचा मालक कॅथलिक! देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा त्याच्या कारकिर्दीत रद्द झाला. १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव त्याचाच, ज्यातून आपल्या नगरपालिकांना आणि लोकल बोर्डांना बळ मिळालं. ज्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी शिक्षणावर निवेदन दिलं तो आयोगही त्यानेच नेमला. वास्तुविशारद विल्यम बर्जेसने बांधलेलं हे चर्च त्याच्या बायकोने आपल्या भावाच्या, फ्रेडरिक व्हायनरच्या, स्मरणार्थ उभारलं. ग्रीसमध्ये दरोडेखोरांनी १८७० मध्ये त्याला मारलं होतं. रिपन १९०९ मध्ये वारला. पतिपत्नीच्या संगमरवरी मूर्ती चर्चमध्ये शेजारी शेजारी पहुडल्या आहेत. महाराष्ट्रातून इतक्या लांब आलेल्या गटाला हे न दाखवता परत नेणं बरं नव्हे.

व्यवस्थेच्या चार गोष्टी. ४० जणांचा गट सेलेरियममध्ये आणि ऊबघरात एकदम मावत नाही. दोन तुकड्या करा, एक गिरणीपासून सुरू करा, दुसरी हॉलपासून. ओली फरशी आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर चपला, टाचेचे बूट घात करतात. हे आदल्या रात्री हॉटेलातच सांगा. आजी-आजोबांना व्हिजिटर सेंटरचा चढ जड जातो, त्यांच्यासाठी पश्चिमेच्या फाटकाची सोय आधी विचारून ठेवा. मठापासून सेंट मेरीजपर्यंत रमतगमत पाऊण तास धरा, आणि बस तिकडच्या दाराशी बोलवा म्हणजे उलट चालावं लागत नाही. चर्च रोज उघडं नसतं, हिवाळ्यात मठही लवकर बंद होतो. वेळा बुकिंग करतानाच पाहा. पूर्वेच्या मोठ्या खिडकीतून ऊन आत येतं ते सकाळी, तेव्हा दुपारचा टप्पा सकाळी आणता आला तर उत्तम.

स्वतः जाणाऱ्यांसाठी: रिपनला रेल्वे नाही. हॅरोगेटपर्यंत रेल्वे, तिथून मठ सुमारे २० किलोमीटर. लीड्स-हॅरोगेट-रिपन ही ३६ नंबरची बस सोयीची. चार तास देणं शक्यच नसेल तर उगाच धावत फाउंटन्स उरकू नका. लीड्स शहरातच कर्कस्टॉल आहे, फाउंटन्सचीच लेक, म्हणजे तिथूनच निघालेला मठ, तोच आराखडा, तासाभरात नीट बघून होते.

पुढच्या हंगामाची माहितीपत्रकं छपाईला जातील तेव्हा ‘१ तास’ खोडून ‘४ तास’ करावं आणि ‘मनोरा’च्या आधी ‘गिरणी’ लिहावी, ही विनंती.

आपले,
मठवास्तूंचे काही मराठी अभ्यासक